शेवटापासून रचलेला खेळ

दिवाळीच्या सुट्टीत भाची चौकटीची वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, आपण आपला एक खेळ बनवू या. फासे नकोत, पत्ते नकोत. नशीब अजिबात नको." ती अकरा वर्षांची आहे. बुद्धिबळाच्या क्लासला जाते, त्यामुळे फासा वाईट पडला म्हणून हरणं तिला मान्य नाही.

पंधरा मिनिटांत नियम तयार झाले. आठ बाय आठ चौकटींचा पट. माझी फुली, तिचा गोळा. आळीपाळीनं एकेक रिकामी चौकट भरायची. तिनं वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत गोळ्यांची सलग वाट करायची, मी डावीकडून उजवीकडे फुल्यांची. ज्याची वाट आधी पूर्ण होईल तो जिंकला. दोन चौकटींचे नुसते कोपरे टेकले तर त्या जोडलेल्या धरायच्या नाहीत, बाजूला बाजू लागली पाहिजे, हेही तिनंच ठरवलं.

पहिला डाव छान रंगला. दुसरा मात्र अडकला. पट भरत आला तेव्हा तिची वाट माझ्या फुल्यांनी बंद झाली होती आणि माझी तिच्या गोळ्यांनी. तिसऱ्या डावाचंही तेच झालं. मग आम्ही नियम बदलून कोपरेही जोडलेले धरले. आता वाटा एकमेकींना तिरक्या ओलांडून जायला लागल्या. कुणाला अडवणं जवळपास अशक्य झालं आणि उरली ती नुसती शर्यत, ज्यात पहिली चाल करणारा पुढे.

अशा खेळांना 'ॲबस्ट्रॅक्ट स्ट्रॅटेजी गेम' म्हणतात. दोन खेळाडू, सगळा पट दोघांसमोर उघडा, काही लपवलेलं नाही, दैवाचा हात नाही. बुद्धिबळ, सोंगट्यांनी जागा वेढायचा पूर्व आशियातला गो, तिरक्या उड्यांनी सोंगट्या मारायचा चेकर्स, आपली नवकांकरी ही सगळी त्याच कुळातली. नियम लिहायला अर्धं पान पुरतं, पण नवा खेळ रचायला बसलं की कळतं की आपण सगळा विचार चालींचा करतो आणि खेळ फसतो तो शेवटाला. म्हणून माझं ठाम मत असं झालंय की रचणाऱ्यानं सुरुवात शेवटापासून करावी. डाव संपेलच ना? कुणीतरी जिंकेलच ना? आणि कोण जिंकणार हे बसण्याआधीच ठरलेलं नाही ना?

जुन्या, मुरलेल्या खेळांनाही हे प्रश्न सुटलेले नाहीत. बुद्धिबळात तीच स्थिती तीनदा आली की खेळाडू बरोबरी मागू शकतो. दोघांच्या ५० चाली प्यादं न हलवता आणि काही न मारता गेल्या, तरीही मागू शकतो. हे नियम खेळाच्या पोटातून आलेले वाटत नाहीत. डाव संपेना म्हणून बाहेरून लावलेले ते टेकू आहेत. नवकांकरीचा चौकोनात चौकोन असलेला पट जुन्या देवळांच्या दगडी ओट्यांवर कोरलेला आजही दिसतो. तिच्यात २४ ठिकाणं आणि प्रत्येकाच्या ९ सोंगट्या. १९९३मध्ये राल्फ गासर यांनी संगणकाच्या मदतीनं तिचा पूर्ण छडा लावला: दोघंही अचूक खेळले तर बरोबरी. चेकर्सचंही उत्तर तेच निघालं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये ते जाहीर केलं. माणसं चुकतात म्हणून या खेळांत हारजीत होते. त्यात कमीपणा काहीच नाही, पण नवा खेळ रचणाऱ्याला यापेक्षा पक्कं काही हवं असतं.

ते पक्कं काही एका माणसाला १९४२ साली सापडलं. डेन्मार्क तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. पीट हाइन हे तिथले कवी, आणि गणितात व आकारांच्या रचनेत रमणारे. नकाशातले शेजारी प्रदेश वेगवेगळ्या रंगांत रंगवायला चार रंग पुरतात का, या जुन्या कोड्याचा विचार करताना त्यांना एक खेळ सुचला. २६ डिसेंबर १९४२ रोजी 'पोलिटिकेन' या वर्तमानपत्रात त्यांनी तो 'पॉलिगॉन' नावानं मांडला. लोक छापील पट असलेल्या कागदी पॅडवर पेन्सिलीनं तो खेळायचे. पुढे १९४८मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणाऱ्या जॉन नॅश यांनाही तोच खेळ सुचला. हे नॅश म्हणजे ज्यांना १९९४मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच. १९५२मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीनं तो 'हेक्स' नावानं विकायला काढला आणि तेच नाव टिकलं.

हेक्सचे नियम म्हणजे आमच्या वहीतलेच नियम. समोरासमोरच्या दोन कडा तुमच्या, उरलेल्या दोन माझ्या, आळीपाळीनं एक घर भरायचं आणि आपल्या कडा जोडायच्या. फरक एवढाच की घरं चौकोनी नाहीत, मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी आहेत. एवढ्या एका फरकानं बरोबरी कायमची बाद होते. कशी, ते सांगतो. हा भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून जरा निवांत.

समजा पट म्हणजे एक शिवार आहे आणि प्रत्येक घर म्हणजे एक वावर. एकानं ज्वारी पेरायची, दुसऱ्यानं हरभरा. ज्वारीवाल्याला उत्तर कड दक्षिण कडेला जोडायची आहे, हरभरेवाल्याला पश्चिम पूर्वेला. शेवटच्या वावरापर्यंत सगळं पेरून झालं आहे. शिवाराबाहेर उत्तरेला आणि दक्षिणेला ज्वारीची एकेक पट्टी आहे असं धरा, पूर्वेला आणि पश्चिमेला हरभऱ्याची. आता वायव्येच्या कोपऱ्यात, जिथे उत्तरेची ज्वारी आणि पश्चिमेचा हरभरा भेटतात, तिथल्या बांधावर उभे राहा आणि आत चालायला लागा. नियम एकच: डाव्या हाताला कायम ज्वारी, उजव्या हाताला कायम हरभरा.

थोडं चाललात की बांध फुटतो. षटकोनांच्या शिवारात अशा प्रत्येक ठिकाणी तीनच वावरं भेटतात: डावीकडची ज्वारी, उजवीकडचा हरभरा आणि समोरचं एक. समोर ज्वारी असेल तर उजवीकडे वळा, हरभरा असेल तर डावीकडे. प्रत्येक वेळी पुढे जायला बांध आहे, आणि तो एकच आहे. त्यामुळे तुम्ही कुठे अडकत नाही, आणि आधी गेलेल्या ठिकाणी परतही येत नाही. बांध मोजकेच, म्हणजे कधीतरी बाहेर पडणं आलंच. बाहेर पडायला उरलेले तीन कोपरे. आग्नेयेला पडता येत नाही, कारण तिथे हात उलटे होतात, डावीकडे हरभरा येतो. राहिले दोन. ईशान्येला बाहेर आलात तर तुमच्या उजव्या हाताचा हरभरा पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत सलग आहे. नैर्ऋत्येला आलात तर डाव्या हाताची ज्वारी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सलग आहे. तिसरं काही होऊच शकत नाही. आणि एकाची वाट पूर्ण झाली की ती दुसऱ्याच्या वाटेत आडवी भिंत होते, म्हणून दोघंही जिंकणं शक्य नाही.

बांधावर चालणारा हाच माणूस आमच्या वहीत चालवून बघा. चौकटींच्या पटात एका ठिकाणी चार घरं भेटतात. समोर डावीकडे हरभरा आणि उजवीकडे ज्वारी आली की चारही घरं बुद्धिबळाच्या पटासारखी होतात. चालणाऱ्याला दोन्हीकडे जाता येतं आणि नियम मुका होतो. आमचे डाव नेमके तिथे अडकत होते. कोपरे जोडा किंवा तोडा, चार घरांच्या त्या चौकात काहीतरी बिघडणारच.

१९७९मध्ये गणितज्ञ डेव्हिड गेल यांनी दाखवून दिलं की 'हेक्समध्ये बरोबरी होत नाही' हे विधान आणि ब्राउअर यांचं स्थिरबिंदूचं प्रसिद्ध प्रमेय ही एकाच सत्याची दोन रूपं आहेत. ते प्रमेय सोप्या उदाहरणात असं: गावाचा नकाशा त्याच गावात जमिनीवर कुठेही पसरा, नकाशावरचा एक बिंदू बरोबर त्याच्या खऱ्या जागेवर पडलेला असतो. पोरांनी पेन्सिलीनं खेळायचा खेळ आणि हे प्रमेय एकमेकांपासून सिद्ध करता येतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या होत्या.

डाव संपण्याचा प्रश्नही इथे आपोआप मिटतो. हाइन यांचा पट ११ बाय ११चा, म्हणजे १२१ घरं. ठेवलेली सोंगटी हलत नाही, मरत नाही. १२१ चालींच्या पुढे डाव जाऊच शकत नाही. टेकू लावायची गरज पडत नाही.

आता घरी षटकोनांचा कागद कुठून आणायचा? भाचीनं कंपासपेटी काढली, तीन षटकोन काढले आणि कंटाळली. उत्तर समोर होतं. शेजारी बिनगिलाव्याच्या विटांची भिंत उभी होती. विटांच्या भिंतीत प्रत्येक थर अर्धी वीट सरकवून रचतात. त्यामुळे एक वीट सहा विटांना लागते: दोन शेजारच्या, दोन वरच्या, दोन खालच्या. आणि कुठल्याही सांध्यावर तीनच विटा भेटतात. खेळाच्या दृष्टीनं वीट आणि षटकोन यांत काही फरक नाही. चौकटीच्या वहीत दोन चौकटींची एक वीट धरली की पट पाच मिनिटांत तयार होतो.

पण इथे मी एक चूक केली, आणि ती खेळूनच कळली. गवंडी जसा एक थर डावीकडे, पुढचा उजवीकडे असे आळीपाळीनं सरकवतो, तसाच मी पट काढला. दोन दिवसांत लक्षात आलं की वरून खाली जाणारा सारखा जिंकतोय, मग तो कुणीही असो. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. खाली उतरणाऱ्याला प्रत्येक विटेखाली दोन विटा मिळतात, एक अडवली तर दुसरी आहेच. आडवं जाणाऱ्याला सरळ पुढे एकच वीट. कागदावर दोघांचे नियम सारखे दिसत होते, पटावर नव्हते. उपाय असा की प्रत्येक थर एकाच दिशेला अर्धी वीट सरकवत न्यायचा. पट एका बाजूला कलतो, पतंगासारखा दिसतो, आणि दोन्ही खेळाडूंच्या दिशा तंतोतंत सारख्या होतात. हेक्सचा खरा पटही असाच कललेला असतो. तो तसा का, हे मला त्या चुकीमुळे समजलं.

आता उरला तिसरा प्रश्न, सर्वांत चिवट: पहिली चाल करणाऱ्याचा फायदा. हेक्समध्ये बरोबरी नाही, म्हणजे दोघंही अचूक खेळले तर दोघांपैकी एकाकडे हमखास जिंकायची रीत असलीच पाहिजे. कुणाकडे? नॅश यांचा युक्तिवाद मोजक्या वाक्यांत मावतो. समजा ती रीत दुसऱ्या खेळाडूकडे आहे. मग पहिल्यानं कुठेही एक सोंगटी ठेवावी, ती विसरून जावी आणि पुढे आपणच दुसरे आहोत असं समजून तीच रीत वापरावी. रीत जर त्या आधीच भरलेल्या घरात सोंगटी ठेवायला सांगू लागली, तर ती तिथे आहेच. मग आणखी कुठेही एक ठेवावी. हेक्समध्ये जास्तीची सोंगटी कधीच नडत नाही, म्हणून पहिलाही जिंकेल, आणि दोघं जिंकणं तर अशक्य. म्हणजे सुरुवातीचं गृहीतच चुकलं: हमखास रीत पहिल्याकडेच आहे.

बुद्धिबळात हा युक्तिवाद चालत नाही, कारण तिथे कधीकधी चाल करावी लागणं हेच संकट असतं. आणि एक बारीक गोष्ट नीट बघा. रीत आहे एवढंच यातून कळतं, ती काय आहे ते कळत नाही. ९ बाय ९ पर्यंतच्या पटांची उकल संगणकांनी केली आहे. ११ बाय ११ची पूर्ण रीत हाती आलेली नाही. तिथे प्रत्येक घर रिकामं, तुमचं किंवा माझं असं धरून पटाच्या स्थिती मोजल्या तर वरची मर्यादा ३चा १२१वा घात निघते, म्हणजे ५८ आकडी संख्या. प्रत्यक्ष डावात येऊ शकणाऱ्या स्थिती यापेक्षा कमी, तरीही प्रचंड.

जिंकायची रीत आहे, पण ती कुणाला ठाऊक नाही, या दोन्हीच्या मधल्या जागेत खेळ जगतो. ती जागा नसेल तर काय होतं, याचं उदाहरण डेव्हिड गेल यांच्याच दुसऱ्या एका खेळात आहे. दोन रंगांच्या ठिपक्यांच्या जाळ्या एकमेकींत गुंफलेल्या, प्रत्येकानं आपल्या रंगाचे ठिपके रेघेनं जोडत कडेला कड जोडायची. इथेही बरोबरी नाही. १९६०च्या सुमारास तो 'ब्रिज-इट' नावानं बाजारात आला. मग ऑलिव्हर ग्रॉस यांनी त्यातल्या जागांच्या जोड्या लावून दिल्या: समोरच्यानं या जागी रेघ मारली की तुम्ही तिच्या जोडीदार जागी मारायची. पहिली चाल ठरलेली, पुढची प्रत्येक तक्त्यात बघून करायची, आणि पहिला खेळाडू दर वेळी जिंकतो. डोकं लावायची गरज संपली. उभ्या जाळीत चकत्या टाकून चार एका ओळीत आणायच्या कनेक्ट फोरलाही १९८८मध्ये उत्तर मिळालं, तिथेही पहिला जिंकतो. पण ते उत्तर माणसाच्या डोक्यात मावत नाही म्हणून मुलं आजही तो आवडीनं खेळतात. खेळाची खोली शोधताना मी हीच परीक्षा लावतो. 'दर वेळी असं कर' हे उत्तर एका कागदावर मावत असेल तर खेळ उथळ आहे. फुलीगोळ्याचं ते मावतं, म्हणून दहाव्या वर्षानंतर तो कुणी मनापासून खेळत नाही.

हेक्समध्ये खोली येते कुठून, हेही पटावर दाखवता येतं. एकमेकींना न लागलेल्या दोन सोंगट्या घ्या, ज्यांच्या मध्ये दोघींना लागणारी दोन रिकामी घरं आहेत. समोरच्यानं एक घेतलं तर तुम्ही दुसरं घेता. म्हणजे मधली घरं रिकामी असूनही त्या सोंगट्या जोडलेल्याच आहेत. नवशिक्या घराला घर लावत जातो. हे ज्याला दिसलं तो उड्या मारत जातो आणि मधली घरं नंतरसाठी ठेवतो. मग पुढची पायरी येते: एकाच चालीनं दोन उड्यांना धोका निर्माण करायचा. मग त्याच्याही पुढची. यातलं काहीही नियमांत लिहिलेलं नाही, सगळं त्या दोन ओळींतून उगवतं. पट किती मोठा हवा, हेही इथेच ठरतं. पाच बाय पाचवर या उड्यांना फारशी जागा नाही, डाव दुसऱ्या-तिसऱ्या चालीतच कळून येतो. हाइन ११वर थांबले, नॅश यांना १४ योग्य वाटायचे. आम्ही वहीत ९ धरले आहेत, कारण पान तेवढंच आहे.

राहिला पहिल्याचा फायदा. गोमध्ये पांढऱ्याला, म्हणजे दुसऱ्या खेळाडूला, भरपाईचे गुण देतात: जपानी नियमांत साडेसहा, चिनी नियमांत साडेसात. तो अर्धा बरोबरी टाळण्यासाठी. पण हेक्समध्ये गुणच नाहीत. तिथे आपल्या घरोघरी चालणारी युक्ती कामाला येते. दोन भावंडांत एक बर्फी वाटायची असेल तर आई काय करते? एकानं वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. खेळात ते असं होतं: पहिल्यानं एक सोंगटी ठेवायची. ती बघून दुसऱ्यानं ठरवायचं, पुढची चाल करायची की जागांची अदलाबदल घ्यायची. अदलाबदल घेतली तर ती सोंगटी आणि तिच्या कडा त्याच्या, आणि पुढची चाल पहिल्याची. त्यामुळे पहिल्याला फार चांगली जागा घेता येत नाही, आणि फार वाईट जागा घेणंही परवडत नाही. रचणाऱ्यानं तोल साधायच्या ऐवजी तो साधायचं काम खेळाडूंवर सोपवलं. मला माहीत असलेल्या नियमांत इतक्या थोड्या शब्दांत इतकं काम करणारा दुसरा नियम नाही.

भाऊबीजेच्या दुपारी हा नियम आम्ही पहिल्यांदा लावला. तिनं उत्साहानं पटाच्या बरोबर मध्यावर गोळा काढला. मध्यावरून चारही कडांना हात पोचतो, ती फार जड जागा आहे. मी अदलाबदल मागितली.

"असं कसं! तो माझा आहे."

"वाटे कुणी केले?"

ती डाव हरली आणि काही न बोलता वहीचं पान उलटून नवा पट आखायला बसली. या वेळी पेन्सिल बराच वेळ हवेतच फिरत होती. मध्याकडे गेली, मागे आली, एका कोपऱ्याशी थांबली, तिथूनही उठली. शेवटी कडेपासून दुसऱ्या थरात, कोपऱ्यापासून जरा आत, तिनं एक छोटा गोळा काढला आणि वही माझ्याकडे सरकवली.

"बोला मामा. हवाय की नको?"

आतून बहिणीनं चहा झाल्याची हाक मारली. मी अजून पटाकडेच बघत होतो.